ब्लॅक फ्रायडेच्या सेलमध्ये मिक्सिंगचे प्लगइन घेताना

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो आणि दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे. २०२६ मध्ये तो २७ नोव्हेंबरला येतो. नाव एका दिवसाचं असलं तरी प्लगइनचे, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून आवाजावर काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचे, सेल नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच उघडतात, सायबर मंडे (त्यानंतरचा सोमवार) ओलांडतात आणि नाताळ, नववर्षापर्यंत रेंगाळतात. घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्या, पॉडकास्ट करणाऱ्या, छोट्या स्टुडिओत मिक्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये तेव्हा ‘८० टक्के सूट’चे मेल येऊन पडतात. ज्यांचा हा पहिलाच सेल आहे त्यांच्यासाठी हा लेख.

माझं म्हणणं एवढंच आहे: काय घ्यायचं हे सेलच्या पानावर बघून ठरवू नये. ते तुमच्या स्वतःच्या मिक्समधल्या तक्रारीवरून ठरवावं, आणि तेही सेल सुरू होण्याआधी. यादी हातात असेल तर सेल फार उपयोगाचा असतो. यादी नसेल तर सूट कितीही असो, पैसे खर्चच होतात.

पहिली पायरी: तक्रार कागदावर उतरवा

ऑक्टोबरमध्येच हे काम करून टाका. तुमची शेवटची तीन-चार मिक्स काढा. नेहमीच्या हेडफोनवर ऐका, मग फोनच्या स्पीकरवर, जमल्यास कुणाच्या तरी गाडीत. ऐकताना जे खटकतं ते साध्या मराठीत लिहा. ‘आवाज गढूळ वाटतो’, ‘स-श टोचतात’, ‘गायक पेटीच्या मागे जातो’, ‘तबल्याचा बायाँ फोनवर ऐकूच येत नाही’, ‘सगळं कोरडं वाटतं, गायक कपाटात उभा आहे असं वाटतं’. तांत्रिक शब्द येत नसतील तर उत्तमच. ‘मला मल्टिबँड कॉम्प्रेसर हवा’ ही तक्रार नाही, ते आधीच ठरवून टाकलेलं उत्तर झालं.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. अभंगाचं घरगुती रेकॉर्डिंग: गायक, पेटी, तबला किंवा पखवाज आणि टाळ. इथे हमखास तीन भांडणं लागतात. पेटी आणि मानवी आवाज दोघांचं वजन साधारण ३०० हर्ट्झपासून ३ किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असतं, म्हणून शब्द बुजतात. टाळाची किणकिण ४ किलोहर्ट्झच्या वर पसरते आणि गायकाच्या माइकमध्येही शिरते, त्यामुळे गायकाचा आवाज उजळ करायला गेलं की टाळ अंगावर येतो. आणि ‘श्रीहरी’, ‘संतसंग’ अशा शब्दांतले स, श आधीच तीक्ष्ण असतात, ते कॉम्प्रेशननंतर (आवाजातले लहान-मोठे चढउतार आवळल्यावर) आणखी बोचतात.

आता यातलं प्लगइनने काय सुटतं ते बघा. पेटी आणि गायकाचं भांडण कोणत्याही साध्या ईक्यूने (आवाजाचे ठरावीक पट्टे कमी-जास्त करणाऱ्या हत्याराने) बरंच मिटतं: पेटीत १ ते ३ किलोहर्ट्झच्या दरम्यान दोन-तीन डेसिबल कमी केले की शब्द पुढे येतात. स-श साठी, नेमके तेच दाबणारा, डी-एसर लागतो. पण गायकाच्या माइकमध्ये शिरलेला टाळ? तो रेकॉर्डिंगच्या वेळीच टाळकऱ्याला माइकच्या मागच्या बाजूला, लांब बसवून कमी होतो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो. नंतर कुठलाही प्लगइन लावला तरी टाळाबरोबर गायकाच्या आवाजाचा उजाळाही जातो.

म्हणून यादीतल्या प्रत्येक तक्रारीसमोर लिहा: खोली, माइकची जागा, गाणं-वाजवणं, की मिक्स? खोलीचा प्रश्न असेल, म्हणजे टाळी वाजवली की भिंतींतून खणखणाट परत येत असेल, तर सेलचे पैसे रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) पॅनल, जाड पडदे आणि गाद्यांवर घाला. घरगुती स्टुडिओत पाच हजार रुपयांच्या प्लगइनपेक्षा पाच हजारांच्या रॉकवूलने जास्त फरक पडतो, हे मी ठामपणे सांगते.

दुसरी पायरी: हाताशी काय आहे ते नीट ओळखा

प्रत्येक डीएडब्ल्यूबरोबर, म्हणजे लॉजिक, एबलटन, रीपर यांसारख्या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर, मिक्सिंगची बहुतेक हत्यारं आलेली असतात. लॉजिक प्रोच्या एकाच कॉम्प्रेसरमध्ये सात वेगवेगळी मॉडेल्स आहेत; त्यातलं ‘व्हिंटेज एफईटी’ ११७६ या जुन्या कॉम्प्रेसर यंत्राच्या धर्तीचं, तर ‘व्हिंटेज ऑप्टो’ एलए-२ए या दुसऱ्या जुन्या यंत्राच्या धर्तीचं. एबलटन लाइव्हच्या स्टँडर्ड आणि सूट आवृत्तीतला ग्लू कॉम्प्रेसर एसएसएल कंपनीच्या बस कॉम्प्रेसरवर (अनेक ट्रॅक एकत्र करून त्यांवर लावायचा कॉम्प्रेसर) बेतलेला आहे. एफएल स्टुडिओचा पॅरामेट्रिक ईक्यू २ आणि क्युबेसचा फ्रीक्वेन्सी रोजच्या कामाला पुरून उरतात. रीपरचे रीआईक्यू, रीआकॉम्प, रीआफर दिसायला रुक्ष आहेत, पण कामात चोख. विंडोजवर ते ‘रीआप्लग्ज’ नावाने फुकट मिळतात आणि दुसऱ्या डीएडब्ल्यूमध्येही चालतात.

त्यात फुकट मिळणाऱ्या चांगल्या प्लगइनची भर घाला. टोकियो डॉन लॅब्जचा नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू (आवाज मोठा झाला की तेवढ्यापुरताच पट्टा दाबणारा), त्यांचाच कोटेलनिकोव्ह कॉम्प्रेसर, व्हॉक्सेंगोचा स्पॅन हा अॅनालायझर (कुठल्या पट्ट्यात किती आवाज आहे ते चित्रात दाखवणारा), युलीनचा लाउडनेस मीटर, क्लांगहेल्मचा आयव्हीजीआय (IVGI) सॅच्युरेटर (आवाजाला जुन्या यंत्रांसारखी ऊब देणारा), व्हॅलहालाचा सुपरमॅसिव्ह रिव्हर्ब (आवाजाला खोलीसारखा घुमारा देणारा). यातले नोव्हा आणि स्पॅन मी नव्या माणसाला सर्वांत आधी टाकायला सांगते. नोव्हात बँड डायनॅमिक करून साधारण ६ ते ८ किलोहर्ट्झवर ठेवला की तो डी-एसरचं काम करतो, म्हणजे वरच्या अभंगातली स-श ची तक्रार एक पैसाही न घालता सुटते. एवढं फुकट मिळत असताना क्रॅक केलेल्या प्लगइनच्या वाटेला जाण्याचं काहीच कारण उरत नाही. त्यातून येणारे व्हायरस आणि ऐन डेडलाइनला प्रोजेक्ट न उघडणं, हे दोन्ही फार महागात पडतं.

‘पण विकतच्या ईक्यूचा आवाजच वेगळा असतो’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ते घरी तपासता येतं. गायकाची एकच फाइल दोन ट्रॅकवर ठेवा. एकावर तुमच्या डीएडब्ल्यूचा ईक्यू लावा, दुसऱ्यावर ज्याचा डेमो घेतला आहे तो. दोन्हीत ३०० हर्ट्झवर ४ डेसिबलचा सारखाच खड्डा करा. आता एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करा. बहुतेक डीएडब्ल्यूत त्यासाठी शून्यावर तिरकी रेघ असलेलं बटण असतं. दोन्ही एकत्र वाजवा. दोन्ही ईक्यू सारखं काम करत असतील तर एकमेकांना खोडून काढतील आणि जवळपास काहीच ऐकू येणार नाही. क्यूचे (खड्ड्याच्या रुंदीचे) आकडे प्रत्येक कंपनी वेगळ्या पद्धतीने मोजते, म्हणून उरलेला आवाज सर्वांत कमी होईपर्यंत एकाचा क्यू थोडाथोडा हलवा. साध्या डिजिटल ईक्यूमध्ये मधल्या पट्ट्यात शेवटी जवळपास शांतताच उरते. १० किलोहर्ट्झच्या वर काही ईक्यूंचा आकार दबतो, तिथे थोडा फरक राहू शकतो. कॉम्प्रेसर किंवा सॅच्युरेटरसाठी मात्र ही चाचणी उपयोगाची नाही, कारण ते सिग्नलनुसार बदलतात.

मग फॅबफिल्टरचा प्रो-क्यू इतके लोक का घेतात? तो झरझर चालतो म्हणून. बँड ओढा, लगेच डायनॅमिक करा, दोन ट्रॅक कुठे एकमेकांवर चढतात ते त्याच चित्रात बघा. रोज मिक्सिंग करणाऱ्याचे त्यात तास वाचतात, आणि वाचलेल्या तासांचे पैसे देणं योग्यच आहे. दोन महिन्यांतून एक गाणं करणाऱ्याला मात्र थांबायला हरकत नाही.

तिसरी पायरी: कोणत्या प्रकाराला पैसे घालायचे

माझा क्रम असा आहे: आधी आवाज साफ करणारं हत्यार, मग रिव्हर्ब, मग रंग देणारा एखादा कॉम्प्रेसर किंवा सॅच्युरेटर. ईक्यू आणि लिमिटर (आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा) सर्वांत शेवटी.

साफसफाईला पहिला नंबर दिला याचं कारण आपली घरं. छताचा पंखा, रस्ता, शेजारचा मिक्सर आणि विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे अर्थिंग नीट नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये ५०, १००, १५० हर्ट्झवर बारीक घुमणं येतं. आयझोटोपच्या आरएक्स एलिमेंट्समध्ये डी-हम, डी-क्लिक, डी-क्लिप आणि व्हॉइस डी-नॉइज येतात, आणि ही छोटी आवृत्ती सेलमध्ये अनेकदा मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळते. पंख्यासारखा सतत एकसारखा चालणारा आवाज यात छान उतरतो. पण कुकरची शिट्टी किंवा रिक्षाचा हॉर्न असा अधूनमधून येणारा आवाज काढायला स्पेक्ट्रल रिपेअर लागतं, ते वरच्या, महागड्या आवृत्तीत असतं. अशा वेळी ओळ पुन्हा गाऊन घेणं कितीतरी स्वस्त. आणि त्याआधी रीआफरचा ‘सबट्रॅक्ट’ मोड वापरून बघा: गाणं सुरू होण्याआधीची नुसत्या पंख्याची दोन सेकंदं त्याला ऐकवायची, मग तो तेवढं वजा करत जातो. फुकट आहे, आणि जपून वापरला तर बऱ्याच ठिकाणी पुरतो.

रिव्हर्बमध्ये विकतचं आणि फुकटचं यातला फरक कानाला लवकर कळतो, म्हणून तो दुसरा. गायकाच्या शब्दांना धक्का न लावता मागे जागा तयार करणं सगळ्याच रिव्हर्बना जमत नाही. इथे एक माहिती उपयोगाची: व्हॅलहाला डीएसपी ही कंपनी सेल लावतच नाही. त्यांचा व्हिंटेजव्हर्ब वर्षभर ५० डॉलरलाच असतो. म्हणजे तो हवा असेल तर नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही, आणि नोव्हेंबरात तोच तुमच्या यादीत असेल तर सेलची घाई तुम्हाला लागूच होत नाही.

कॉम्प्रेसरबाबत थोडं थांबून बोलते, कारण नव्या माणसाचे सर्वाधिक पैसे इथेच जातात. बाजारात दिसणारे बहुतेक ‘व्हिंटेज’ कॉम्प्रेसर चार-पाच जुन्या यंत्रांच्याच प्रतिकृती आहेत: ११७६, एलए-२ए, फेअरचाइल्ड ६७०, एसएसएलचा बस कॉम्प्रेसर. एकाच ११७६ची प्रतिकृती कितीतरी कंपन्या विकतात. तीन कंपन्यांचे तीन बंडल घेतले की तुमच्याकडे तीन ११७६ होतात, आणि कोणता लावायचा हा नवाच प्रश्न उभा राहतो.

एक ११७६ आणि एक एलए-२ए पुरेसे आहेत, पण ते कळले पाहिजेत. ११७६ बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये आणला. त्याचा अटॅक (आवाज वाढल्यावर तो पकडायला लागणारा वेळ) २० मायक्रोसेकंदांपासून ८०० मायक्रोसेकंदांपर्यंत आहे; म्हणजे सगळ्यात ‘सावकाश’ ठेवला तरी तो एका मिलिसेकंदाच्या आत झडप घालतो. शिवाय त्याची बटणं उलटी आहेत: अटॅक ७ वर सर्वांत जलद, १ वर सर्वांत संथ. इतर कॉम्प्रेसरची सवय असलेला माणूस ढोलकीवर ‘संथ अटॅक हवा’ म्हणून बटण पूर्ण उजवीकडे फिरवतो, थापेचा ठोकाच मारला जातो आणि दोष प्लगइनला जातो. ढोलकीवर तो १ ते ३च्या दरम्यान ठेवा, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४, रिलीज (पकड सोडण्याचा वेळ) जलद, आणि सुई तीन-चार डेसिबलच्या पलीकडे जाऊ देऊ नका. एलए-२ए याच्या अगदी उलट स्वभावाचा. दोनच मुख्य बटणं, पीक रिडक्शन आणि गेन. आतला प्रकाशावर चालणारा भाग साधारण १० मिलिसेकंदांत पकडतो आणि सोडताना आधी पटकन, मग हळूहळू सोडतो. लांब सूर लावणाऱ्या गायकाला तो फार मानवतो. हे दोन स्वभाव कानाला कळले की तुमच्या डीएडब्ल्यूतलं तसंच मॉडेल पुरतं का, याचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

सूर सुधारणारे प्लगइन हा खरं तर वेगळा विषय, पण सेलमध्ये ते हमखास समोर येतात म्हणून एवढंच. आपल्या गाण्यात मींड, हरकत, मुरकी असते. ऑटोमॅटिक सुधारणा जोरात लावली की त्या पायऱ्या-पायऱ्यांच्या होतात. मेलोडाइन घ्यायचं ठरलं तर आवृत्ती नीट बघा: सर्वांत स्वस्त ‘इसेन्शियल’मध्ये सुराची चढउतार आणि घसरण वेगळी हाताळायची टूल्स नाहीत, ती ‘असिस्टंट’पासून सुरू होतात, आणि भावगीताला नेमकी तीच लागतात. लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच आणि क्युबेस प्रोमध्ये व्हॅरिऑडिओ आधीच आहे. ते असेल तर हा खर्च वाचला.

चौथी पायरी: किमतीचा अंदाज घ्या

छापील किंमत आणि सेलची किंमत यातलं अंतर म्हणजे तुमची बचत, असं समजू नका. वेव्हजचे बरेच प्लगइन वर्षभर कुठल्या ना कुठल्या सवलतीत ३० डॉलरच्या आसपास मिळतातच. त्यांची मोठी छापील किंमत क्वचितच कुणी मोजतं. दुसऱ्या टोकाला फॅबफिल्टर: सूट लहान, आणि तीही वर्षात फार वेळा नाही. पहिल्या प्रकारच्या कंपनीत ‘आजच शेवटचा दिवस’ याला फार अर्थ नसतो. दुसऱ्या प्रकारात नोव्हेंबरची वाट बघणं खरंच फायद्याचं ठरतं. तुमच्या यादीतला प्लगइन कोणत्या प्रकारात मोडतो हे कळायला मेलबॉक्समध्ये त्याचं नाव शोधा. मागच्या वर्षभरातले जाहिरातीचे मेल किमतीचा चांगला इतिहास सांगतात.

बंडलचा हिशेब एकाच पद्धतीने करा. त्यातल्या ज्या गोष्टी तुमच्या यादीत आधीपासून आहेत त्यांच्यापुरतीच किंमत धरा. उरलेल्या वीस गोष्टींची किंमत शून्य. तरीही बंडल स्वस्त पडत असेल तर जरूर घ्या. प्लगइन बुटीकसारखी दुकानं खरेदीवर दर महिन्याला एखादा प्लगइन भेट देतात, म्हणून हव्या त्या गोष्टीची किंमत सारखीच असेल तर भेट कोण देतंय तेही बघा.

सेलमध्ये एखादी जुनी आवृत्ती विलक्षण स्वस्त दिसली तर सावध व्हा. प्रो-क्यू ४ डिसेंबर २०२४ मध्ये आला, म्हणजे नोव्हेंबरच्या सेलनंतर लगेच. नवी आवृत्ती येण्याआधीच्या काही आठवड्यांत घेणाऱ्यांना ती फुकट देण्याची सोय अनेक कंपन्या करतात, पण सगळ्या नाही आणि मुदतही वेगवेगळी. कंपनीच्या मदत विभागाला आधी मेल टाकून विचारा. सेलच्या गर्दीत उत्तराला उशीर होतो, म्हणून लवकर विचारलेलं बरं.

पाचवी पायरी: डेमो

डिजिटल वस्तू एकदा लायसन्स चालू झाल्यावर परत घेतली जाईलच याचा भरवसा नसतो. त्यामुळे डेमो हाच तुमचा परतावा. फॅबफिल्टर, साउंडटॉइज ३० दिवस देतात, प्लगइन अलायन्स १४ दिवस. काही कंपन्यांच्या डेमोत मधूनच आवाज बंद होतो किंवा सेव्ह होत नाही. मुदत सहसा सुरू केल्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून उन्हाळ्यात हौसेने डेमो उघडून ठेवू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एका वेळी दोनच उघडा.

ऐकताना आवाजाची पातळी जुळवणं हे या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं काम. कानाला जे मोठं ऐकू येतं तेच चांगलं वाटतं, अगदी एका डेसिबलचा फरक असला तरी. आणि बरेच प्लगइन, विशेषतः सॅच्युरेटर आणि ‘व्हिंटेज’ प्रकार, लावल्याबरोबर आवाज थोडा वाढवतात. तुम्ही ‘व्वा’ म्हणता ते त्या वाढीला. म्हणून प्लगइनच्या नंतर लाउडनेस मीटर लावा. गाण्याचा तोच तुकडा प्लगइन बायपास (तात्पुरता बंद) करून आणि चालू करून वाजवा, शॉर्ट-टर्म एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे) आकडे बघा, आणि प्लगइनच्या आउटपुट बटणाने ते सारखे करा. मग डोळे मिटा, बायपासवर मनात गणती न ठेवता भराभर क्लिक करा, थांबा आणि कोणतं जास्त आवडतं ते ठरवा. मग डोळे उघडा. असं बरेचदा केल्यावरही तुमची निवड सारखी इकडून तिकडे जात असेल तर तुम्हाला तो फरक ऐकू येत नाही, आणि जो ऐकू येत नाही त्याचे पैसे द्यायचे नाहीत.

चाचणी तक्रार असलेल्या त्याच गाण्यावर करा, कंपनीच्या नमुना ट्रॅकवर नको. आणि एकट्या ट्रॅकवर ऐकून निर्णय घेऊ नका, पूर्ण मिक्स चालू असताना ऐका. सोलोवर सुंदर वाटणारा रिव्हर्ब पेटी सुरू झाली की शब्द गिळतो.

संगणकाचाही अंदाज याच वेळी येतो. ओव्हरसॅम्पलिंग आणि लिनिअर फेज हे संगणकाला जास्त गणित करायला लावणारे मोड जुन्या लॅपटॉपला दमवतात. तोच प्लगइन सहा-सात ट्रॅकवर लावून गाणं अडखळतं का ते बघा.

सहावी पायरी: लायसन्स आणि फॉरमॅट

प्लगइन वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये येतात: लॉजिकमध्ये फक्त एयू चालतं, प्रो टूल्समध्ये फक्त एएएक्स, बाकी बहुतेक ठिकाणी व्हीएसटी३. जुन्या व्हीएसटी२चा विकाससंच स्टाइनबर्गने २०१८ मध्येच थांबवला. नुसता व्हीएसटी२ असलेला प्लगइन आता विकत घेऊ नये. मॅक एम१ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘अॅपल सिलिकॉन नेटिव्ह’ असं स्पष्ट लिहिलेलं शोधा.

बऱ्याच कंपन्या आयलॉक ही लायसन्स तपासण्याची व्यवस्था वापरतात. त्याला विकतचा यूएसबी डोंगल लागतोच असं नाही; संगणकावर किंवा आयलॉक क्लाउडवरही लायसन्स ठेवता येतं, कंपनीने परवानगी दिली असेल तर. क्लाउड वापरताना इंटरनेट सतत चालू लागतं. ज्यांच्याकडे नेट जातं-येतं त्यांनी संगणकावरचा पर्याय घ्यावा, आणि लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी लायसन्स काढून घ्यायला विसरू नये.

कायमचं लायसन्स की मासिक भाडं हेही बघा. २०२३च्या मार्चमध्ये वेव्हजने कायमची विक्री बंद करून फक्त सबस्क्रिप्शन ठेवलं होतं. ग्राहक इतके भडकले की काही दिवसांतच कायमची लायसन्स परत आणावी लागली. कायमच्या लायसन्सलाही अटी असतात: वेव्हजच्या खरेदीत एका वर्षाचे अपडेट येतात, त्यानंतर नव्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी नवी आवृत्ती हवी असेल तर पुन्हा पैसे. ३० डॉलरच्या प्लगइनचा हिशेब करताना ते पुढचे पैसेही धरा.

सातवी पायरी: डॉलरचे रुपये

पानावर ४९ डॉलर दिसतात, खात्यातून किती जातात ते आधी काढून ठेवा. सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपये धरू. नुसते ४९ डॉलर म्हणजे ४,४१० रुपये. परदेशी विक्रेत्याने भारतातल्या ग्राहकाला ऑनलाइन सॉफ्टवेअर विकलं की त्यावर १८ टक्के आयजीएसटी असतो, आणि अनेक दुकानं तो शेवटच्या पानावर जोडतात: झाले ५७.८२ डॉलर, म्हणजे साधारण ५,२०४ रुपये. कार्डावर बँकेचा परकीय चलनाचा आकार ३.५ टक्के असेल तर आणखी १८२, आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ३३ रुपये. एकूण जवळपास ५,४२० रुपये. पानावरच्या किमतीपेक्षा हजार रुपये जास्त. जीएसटी नोंदणी असलेल्या स्टुडिओंनी हिशेबाची पद्धत आपल्या सीएला विचारावी, त्यांचा नियम वेगळा आहे.

कार्ड आधीच तयार ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनवरच्या वापरासाठी चालू होऊन येतं. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बँकेच्या अॅपमधून स्वतः चालू करावे लागतात आणि मर्यादाही ठरवता येते. खरेदी झाली की पुन्हा बंद करून टाका. नुसतं रुपे कार्ड असेल तर बऱ्याच परदेशी दुकानांत अडचण येते, व्हिसा किंवा मास्टरकार्ड लागतं. मासिक सबस्क्रिप्शनचे हप्ते ऑक्टोबर २०२१च्या ई-मॅन्डेटच्या नियमांनंतर भारतीय कार्डांवर अडकू शकतात. हप्ता अडकला आणि प्लगइन बंद पडला तर तो वापरलेली सगळी प्रोजेक्ट्स अडतात. एकरकमी खरेदी बरी म्हणण्याचं हेही एक कारण.

अमेरिकेतल्या मावसबहिणीला किंवा लंडनच्या मित्राला घ्यायला सांगायचा विचार असेल तर एवढं पाळा: लायसन्स तुमच्याच ईमेलच्या खात्यावर नोंदलं गेलं पाहिजे. त्यांच्या नावावर गेलं की ते हस्तांतरित करायला काही कंपन्या पैसे घेतात आणि काही परवानगीच देत नाहीत.

सेलच्या आठवड्यात

यादीत आता दोन, फार तर तीन नावं उरलेली असतील, प्रत्येकासमोर रुपयातली कमाल किंमत. कंपनीचं स्वतःचं पान आणि दोन-तीन दुकानं बघा; कंपनीच्या खात्यात लॉग-इन केल्यावर जुन्या ग्राहकांसाठीची वेगळी किंमत दिसते का तेही बघा. विद्यार्थी असाल तर शैक्षणिक सवलत सेलच्या किमतीपेक्षाही कमी असू शकते, पण तिची पडताळणी व्हायला दिवस लागतात, म्हणून ओळखपत्र आधीच पाठवून ठेवा. किंमत ठरवलेल्या आकड्याच्या वर असेल तर ते नाव पुढच्या सेलसाठी ठेवा.

घेतल्यावर इन्स्टॉलर, सिरियल नंबर आणि पावती एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर टाका. न घेतलेले डेमो काढून टाका, नाहीतर मुदत संपल्यावर जुनी प्रोजेक्ट्स उघडताना प्रत्येक वेळी चौकट येऊन उभी राहते. ज्या ट्रॅकवर ते डेमो लावले होते ते आधी ऑडिओत उतरवून घ्या. मग ऑक्टोबरचा तो कागद काढा, तक्रार असलेलं तेच गाणं उघडा आणि नव्या प्लगइनचे प्रीसेट न चाळता एकेक बटण हलवत त्याच्यावर काम सुरू करा.